पानाच्या डब्यातला चौथा खण

अक्काला कुत्रा चावला तेव्हा वालाच्या शेंगा भरल्या होत्या, म्हणजे थंडीचे दिवस होते. खालापूर तालुक्यातल्या तिच्या गावामागे एक फार्महाऊस झालं आहे. ते शनिवारी भरतं, सोमवारी रिकामं होतं, आणि मधल्या दिवसांत तिथल्या उरल्यासुरल्या अन्नावर पाच-सात कुत्री जगतात. त्यातलंच एक बांधावर आलं, शेंगा खुडत बसलेल्या अक्काच्या पोटरीत दात रुतवून गेलं आणि पुन्हा कुणाला दिसलं नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, असं जाणती माणसं सांगू लागली. लक्ष ठेवायला कुत्रं लागतं, हे त्यांच्या लक्षात यायला दुपार झाली.

अक्का माझी थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. काही वर्षांपूर्वी तिच्या हृदयातली एक झडप बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. ती गावात सून म्हणून गेली आणि शेतकरीण झाली. मी शिकायला कर्जतला राहिले, तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले आणि निवृत्त होऊन तिथेच भिसेगावात स्थिरावले. एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी, पण ती ‘नाय’ म्हणते आणि मी ‘नाही’ म्हणते. तिच्या ‘नाय’ला जास्त वजन आहे, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे.

भाचा त्याच संध्याकाळी तिला गाडीवरून कर्जतला घेऊन आला. त्याची कंपनीत पाळी असते, दर खेपेला सुट्टी मिळणं कठीण. माझं घर सरकारी दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तेव्हा इंजेक्शनं संपेपर्यंत अक्का माझ्याकडे राहणार, असं ठरलं. इंजेक्शनं पाच होती. पहिलं लगेच, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शिवाय जखमेभोवती एक वेगळं टोचलं ते निराळंच. नर्सबाईंनी तारखा कागदावर लिहून दिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “यातलं एकही चुकवायचं नाही. हा रोग एकदा अंगात उठला की मग आमच्याकडे काही नसतं.”

मी आयुष्यभर फायली सांभाळल्या. अक्काच्या औषधांची यादी मी स्वतः टाईप करून पिशवीत ठेवली होती. ती मी टेबलावर ठेवली तेव्हा मनात थोडी ऐट होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. नर्सबाईंनी यादी वाचली, रक्त पातळ करायच्या गोळीखाली रेघ मारली. सुई बारीक घेतली आणि टोचल्यावर कापूस पाच मिनिटं घट्ट दाबून धरला.

“आणखी काही घेतात का? आयुर्वेदिक, घरगुती, ताकदीचं, पचनाचं?”

“नाही,” मी म्हणाले. “यादीत आहे तेवढंच.”

मी अक्काकडे पाहिलंसुद्धा नाही. यादी माझी होती ना.

अक्का कुठेही गेली तरी तिचा पानाचा डबा बरोबर असतो. पितळी, गोल, आत सहा खण. एकात सुपारी, एकात लवंग-वेलची, एकात काताचे तुकडे, एकात भाजलेला ओवा, एकात बडीशेप, आणि उरलेल्या एकात त्या त्या वेळी घरात जे असेल ते. तिच्या घरात जेवून उठलेला माणूस डब्यातलं काही तोंडात टाकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तलाठी असो, मीटर वाचायला आलेला असो, भांडायला आलेली जाऊ असो. माझ्या घरी आल्या आल्या तिने डबा जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि ते तिचं घर झालं.

डब्याचं झाकण उघडून पहिल्याच दुपारी तिने तो माझ्यापुढे सरकवला. कात आणि ओवा यांच्यामधल्या चौथ्या खणात पिवळट, चपट्या गोळ्या होत्या. मी एक तोंडात टाकली. आंबटगोड, अननसासारखी चव.

“ही कसली गं गोळी?”

“सुनेनं ठेवलीय. वालाच्या दिसांत पोट फुगतं ना माजं. जेवल्यावर चघळायची. घे अजून एक, तुजं पन पोट काय कमी नाय.”

मी अजून एक घेतली. आमच्याकडे डब्यातलं म्हणजे खाणं. औषध म्हणजे जे पट्टीत असतं, कडू असतं आणि पाण्याबरोबर गिळतात ते. हा भेद कुणी कुणाला शिकवलेला नाही, पण तो आमच्या रक्तात आहे, पातळ असो की घट्ट. तिसऱ्या दिवशी दुसरं इंजेक्शन घ्यायला गेलो तेव्हा नर्सबाईंनी पुन्हा विचारलं, काही नवीन सुरू केलंय का. मी पुन्हा नाही म्हणाले. तोवर मी स्वतः त्या गोळ्या चघळत होते, जिभेवर अननसाची चव होती, आणि तरीही मला त्या प्रश्नाचा आणि त्या चवीचा संबंध दिसला नाही.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. अक्काची सून हुशार. बारावीपर्यंत शिकली, मग लग्न, मग चूल आणि गोठा. दोन वर्षांपूर्वी पळसदरीच्या एका फार्महाऊसवर आरोग्य शिबिर झालं, तिथे ती गेली आणि परत आली ती गळ्यात ओळखपत्र घालून. त्यावर तिचा फोटो आणि ‘आरोग्य मार्गदर्शक’ असे शब्द होते. पचनाच्या गोळ्या, शक्तीची पावडर, शुद्धीचा रस अशा वस्तू ती गावात पोचवू लागली. गावातल्या बायका तिला दारात बोलावून पोटातलं, पाठीतलं, मनातलं सांगू लागल्या. आयुष्यात प्रथमच कुणी तिला काही विचारत होतं. त्याचा आनंद तिच्या चालण्यात दिसायचा. मला तो आवडायचा, म्हणूनच ओळखपत्राबद्दल मी तोंड मिटून होते.

या सगळ्याच्या वरती एक सर होते. त्यांचं खरं काम काय, ते कुठून आले, कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. एकदा गावच्या देवळाच्या सभामंडपात त्यांचं व्याख्यान झालं तेव्हा मी योगायोगाने तिथे होते. नोकरीत मी इतके प्रमुख पाहुणे ऐकले आहेत की माणूस माईक कसा धरतो यावरून तो किती वेळ खाणार हे मला सांगता येतं. सरांनी माईक दोन्ही हातांनी धरला. मी चटई शोधून भिंतीला टेकले. त्यांनी सत्काराची शाल अंगावर घेतली ती दीड तास काढली नाही. आत कोट, वर शाल, कपाळावरून घामाच्या धारा, आणि तोंडाने ते सांगत होते की माणसाने शरीराची हाक ऐकायला शिकलं पाहिजे.

त्यांचा सिद्धांत असा. लस ही परकी वस्तू. ती शरीरात जाऊन साठते. तेव्हा लस घेतल्यावर पचनाच्या गोळ्या दुप्पट घ्यायच्या, म्हणजे लस पचते, तिचा साका, म्हणजे गाळ, बाहेर पडतो. करोनाच्या काळात हे त्यांनी हजारो लोकांना सांगितलं, असं ते म्हणाले. मला त्यावर एक शंका होती, पण प्रश्नोत्तरांच्या वेळी आभारप्रदर्शन सुरू झालं.

पाचव्या दिवशी सकाळी अक्का ब्लाऊजची बाही वर करून माझ्यापुढे उभी राहिली. “बग गं, काय झालंय.”

खांद्यापासून कोपराच्या वरपर्यंत दंड काळानिळा झाला होता. कोवळ्या वांग्याचा रंग असतो तसा, आणि कडेला लालसर. मी हात लावला तर तिने दात आवळले. मग तिने चूळ भरली आणि बेसिनमध्ये थुंकली. पाणी गुलाबी होतं.

“हे कधीपासून?”

“काल. हिरडी दुकली आसंल.”

मी म्हणाले, चल, आत्ता दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, परवा जायचंच आहे ना. मी म्हणाले, परवापर्यंत थांबायचं नाही. ती म्हणाली, “सुई मारून मारून हात नासवला माजा, आनि पुन्ना तितंच नेतंय मला. येत नाय जा.” मी दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, लगेच घेऊन या. ते मी अक्काला सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

हताश होऊन मी दंडाचा फोटो काढला आणि भाच्याला पाठवला, आईला समजावून सांग म्हणून. तिथेच माझं चुकलं. भाच्याने तो बायकोला दाखवला. बायकोने तो सरांना पाठवला. सहाव्या दिवशी दुपारी माझाच फोटो माझ्याकडे परत आला, खाली सरांच्या आवाजातला निरोप जोडून. आवाज संथ होता, मागे बासरी वाजत होती. लस अंगाला मानवलेली नाही. शरीर नकार देत आहे. पुढची सर्व इंजेक्शनं तातडीने थांबवावीत. गोळ्या मात्र दिवसातून तीन वेळा, तीन-तीन, चालू ठेवाव्यात.

अक्काने तो निरोप दोनदा ऐकला. मग फोन पालथा ठेवला.

“ऐकलंस? मी नाय येत उद्या.”

“अक्का, कुत्रं सापडलेलं नाही. ते पिसाळलेलं नव्हतं असं कोण सांगणार?”

“मला बरं वाटतंय.”

“त्या रोगात आधी बरंच वाटतं. मग वाटायला कुणी उरत नाही.”

“तुजी पुस्तकं तुज्याजवळ ठेव. हात माजा हाय.”

हात तिचा होता, हे खरं. आणि तो हात बघून मलाही भीती वाटत होती. मी कपाटातून दोन-तीन जाड पुस्तकं काढली, वाचली, त्यांत काळ्यानिळ्या दंडाबद्दल काही नव्हतं. इतकी वर्षं वाचन करून माणसाला एवढंच कळतं की आपल्याला हवं ते पान नेमकं त्या पुस्तकात नसतं.

सातव्या दिवशी सकाळी साडेआठला अक्का न्हाऊन, कालचंच लुगडं नेसून टेबलाशी बसली. बाहेर जायचं नाही, हे सांगायची तिची ती पद्धत. मी रिक्षाला सांगून ठेवलं होतं. रिक्षा यायच्या आधी दाराशी मोठी पांढरी गाडी थांबली. भाचा उतरला, सून उतरली, आणि मागच्या दारातून सर उतरले. कोट होता. शाल नव्हती, पण ती कुणी दिली तर घ्यायची तयारी खांद्यांवर दिसत होती.

“मावशी,” भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर मुद्दाम आलेत. आईला बघायला.”

सरांनी अक्काला लांबूनच नमस्कार केला, खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. “आई, शरीर हे मंदिर आहे.”

“आमच्या देवळाचं पत्रं गळतंय,” अक्का म्हणाली. “तुमी तितंच बसून बोलला व्हता ना?”

सर हसले. असे लोक हसण्यासाठी थोडा वेळ राखून ठेवतात. मग त्यांनी दंड पाहिला आणि मान हलवली. “हा लशीचा प्रकोप आहे. गोळ्या व्यवस्थित चालू आहेत ना? तीन वेळा, तीन-तीन?”

सून पटकन म्हणाली, “हो सर. मी फोनवर सांगितलेलं आईंना. पहिल्या इंजेक्शनच्या दिवसापासून. घरी एकेकच घ्यायच्या, आता तीन-तीन.” आणि तिने टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. “डब्यात आहेत. चौथ्या खणात.”

मी डब्याकडे पाहिलं. खण अर्ध्यावर आला होता. मी खाल्लेल्या माझ्या लक्षात होत्या, सात-आठ. बाकीच्या अक्काच्या पोटात होत्या, दिवसाला नऊ, आणि मी समोर बसून जेवत होते.

“बाटली आहे का याची?” मी विचारलं.

“आहे की.” सुनेने पर्समधून नवी बाटली काढली. ती सासूसाठीच आणली होती. वर हिरव्या पानांचं चित्र होतं आणि डोंगरामागून सूर्य उगवत होता. मी चष्मा बदलला. कचेरीत माझी ख्याती होती की आदेशाचा मजकूर सगळे वाचतात आणि शेवटची तळटीप मी वाचते. पपईतलं एक पाचक द्रव्य. अननसातलं एक पाचक द्रव्य. इतर चार-पाच नावं. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, एक ओळ. मी ती मोठ्याने वाचली, एकेक शब्द सुटा करून.

“रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सेवन करू नये.”

बाहेर रिक्षा येऊन थांबली, तिचा फटफट आवाज आत येत राहिला.

“हे सर्वांच्याच बाटलीवर असतं, ताई,” सर म्हणाले. “कायद्यासाठी. औपचारिकता. पूर्णपणे नैसर्गिक उत्पादन आहे. नैसर्गिक गोष्टीने अपाय होत नाही.”

“मग ही ओळ कुणी छापली? तुमच्याच कंपनीने ना? की तीही लशीबरोबर बाहेरून आली?”

“तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तर्क लढवणार. पण शरीराला तर्क कळत नाही. लस बाहेर काढावीच लागते.”

“बाहेर काढायची तर आत कशाला टोचायची, सर? ही शंका मला देवळातच आली होती, तेव्हा आभारप्रदर्शन लागलं. कुत्र्याचा रोग अंगात शिरला असेल तर त्याला कोण अडवणार? तुमची बासरी?”

“मावशी!” सून म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने बाटली माझ्या हातातून घेतली आणि ती ओळ स्वतः वाचू लागली. ओठ हलत होते. एकदा वाचली, पुन्हा वाचली.

सरांनी आवाज खाली आणला. अक्काकडे वळून ते समजुतीने म्हणाले, “आई, निर्णय तुमचा. केमिकल हवं की निसर्ग? मी फक्त निसर्गाच्या बाजूने बोलतो.”

अक्काने इतका वेळ सुपारी कातरायचं काम सोडलं नव्हतं. तिने अडकित्ता मिटला.

“तो कुत्रा पन नैसर्गिकच व्हता की रं.”

सरांना कुणी ‘रं’ म्हणून बरीच वर्षं झाली असावीत. ते हसायचं विसरले.

“शेतात चावला, बिनखताच्या वालात,” अक्का पुढे म्हणाली. “त्याचं दात पन नैसर्गिक. मला तुमा दोगांचं भांडान कळत नाय. मला एवढंच सांग. मी सुई सोडली आनि त्यो रोग उठला, तर तू येशील का बसायला माज्याजवळ? पानी दाखवलं की वरडतंय मानूस, तवा?”

“आई, असं नकारात्मक…”

“येशील का?”

सरांनी घड्याळ पाहिलं. खोपोलीला एक कार्यक्रम आहे, असं ते भाच्याला म्हणाले. भाचा उठला नाही. त्याने गाडीची चावी सरांच्या हातात दिली, कारण गाडी सरांचीच होती.

अक्का उठली. “रिक्षा सोडू नको गं. मी लुगडं बदलून येतंय.” आणि आत जाता जाता सुनेला म्हणाली, “तू पन चल. बाटली घे संगती. तितं दाखव, तूच.”

आम्ही चौघं एका रिक्षात कसे मावलो ते विचारू नका. भाचा पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर होता. सुनेच्या मांडीवर बाटली आणि अक्काच्या मांडीवर डबा. गळ्यातलं ओळखपत्र सुनेने मधेच काढून पर्समध्ये टाकलं. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने दंड पाहिला, हिरड्या पाहिल्या, रक्त तपासायला घेतलं. सुनेने बाटली पुढे केली आणि नीट बोलली. किती दिवस, किती गोळ्या, केव्हापासून तीन-तीन, सगळं सांगितलं. सरांचं नाव घेतलं नाही, ‘मी दिल्या’ म्हणाली.

अहवाल यायला बारा वाजले. रक्त हवं त्यापेक्षा फार पातळ झालं होतं. डॉक्टरीणबाईने झडपेच्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ बोलली आणि मग आमच्यासमोर बसली. तिचं बोलणं मला आवडलं, कारण त्यात एकही मोठा शब्द नव्हता.

“या गोळ्यांनीच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही,” ती म्हणाली. “रक्त पातळ व्हायला आणखीही कारणं असतात, तीही बघू. पण पपई-अननसाचे असले अर्क आणि तुमची ती संध्याकाळची गोळी यांचं एकत्र नीट जमत नाही, रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून या आजपासून बंद. रक्ताच्या गोळीचं काय करायचं ते मी लिहून देते, तेवढंच करायचं. ती मनाने बंदही करायची नाही आणि कमीही नाही, झडप आहे तुमची. आणि हिरड्यांतून जास्त रक्त आलं, शौचाला काळं झालं, डोकं फार दुखलं, तर परवा-तेरवा बघू नाही. लगेच यायचं.”

“आनि सुई?”

“सुई आजच. ती थांबवायची नाही. लशीमुळे एवढा हात काळा होत नाही, आजी. टोचलं तिथे रक्त थांबलं नाही, म्हणून झालं.”

“मग पोट फुगलं की काय करू? आमच्यात वाल खातात.”

“ओवा खा, ताक प्या. लस घेतली म्हणून ओव्याला, दह्याला ना नाही. नेहमीचं जेवा. लस पचवावी लागत नाही, ती तिचं काम करते. फक्त काहीही बाटलीतलं, पुडीतलं, डब्यातलं नवं घेतलंत तर आधी आम्हाला सांगा. आणि नर्स विचारते तेव्हा उत्तर द्या.”

शेवटचं वाक्य तिने अक्काकडे बघून म्हटलं. ते माझं होतं. मी म्हणाले, “उत्तर मी दिलं होतं. दोनदा. त्यांनी पचनाचं म्हणून स्पष्ट विचारलं होतं.” अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, “ही कचेरीत व्हती ना, इचारलं की नाय म्हनायची सवय हाय.” डॉक्टरीणबाई हसली. मीही हसले, पण ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

तिसरं इंजेक्शन झालं. नर्सबाईंनी दुसऱ्या दंडात दिलं आणि या वेळी दहा मिनिटं कापूस दाबून धरला. अक्का खिडकीबाहेर बघत होती, जणू दंड शेजारणीचा होता.

पुढच्या आठवड्यात दंडाचा रंग जांभळ्यावरून हिरवट झाला आणि मग पिवळा पडला. रक्ताची तपासणी दोनदा झाली, आकडा खाली आला. तोवर सून माझ्याशी बोलत नव्हती. भाच्याकडून कळलं की ती रोज दुपारी वही घेऊन बसते आणि ज्यांना ज्यांना बाटल्या दिल्या त्यांना फोन लावते, तुम्ही दुसऱ्या कसल्या गोळ्या घेता ते विचारते. एका फोनवर तिला बाईने सुनावलं, तूच दिलीस ना गं? त्यावर ती म्हणाली, “मीच दिली, म्हणून मीच विचारते.” सरांच्या शिबिराचं आमंत्रण आलं तेव्हा तिने एकच निरोप पाठवला. त्यात बाटलीवरच्या तळटिपेचा फोटो होता, मोठा करून काढलेला. मग तिला सरांच्या फोनवरच्या गटातून काढून टाकलं. चौदाव्या दिवशी ती अक्काला भेटायला आली, माझ्यासाठी वालाचं बिरडं घेऊन. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, “यात काही घातलेलं नाही, मावशी. वाचायला काही नाही.” त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचं इंजेक्शन. सकाळीच निघालो. अक्काने नवं लुगडं नेसलं होतं आणि डबा काखेत होता. मी यादी नव्याने टाईप केली होती, या वेळी खाली ‘इतर’ असा रकानाही ठेवला होता. तो कोरा होता आणि तो मी अक्काला विचारून भरणार होते. तिने मला संधी दिली नाही.

नर्सबाईंनी पेन उचललं, नेहमीचा प्रश्न विचारला. अक्काने डबा त्यांच्या टेबलावर ठेवला, नोंदवहीवरच, आणि झाकण काढलं.

“तूच बग, बाय. ही सुपारी. ही लवंग. ह्यो कात. ह्यो ओवा, घरचा. ही बडीशेप. लिव.”

“आजी, ओवा कशाला लिहू?”

“लिव म्हनतंय ना. मागं इचारलंस तवा कुनी सांगितलं नाय, आता सांगतंय तर तुला नको.”

रांगेतल्या दोन बायका पुढे येऊन डब्यात डोकावल्या. नर्सबाईंनी मुकाट्याने लिहायला घेतलं. सुपारीपाशी थांबून म्हणाल्या, “ही मात्र सोडा, आजी. तोंडाला वाईट.”

“कुत्रा चावला पायाला, आनि सोडायची सुपारी? ते माजं मी बगीन. तू लिव.”

पाच नावं झाली. नर्सबाईंनी पेनाच्या टोकाने चौथ्या खणाकडे बोट केलं. तो घासूनपुसून लख्ख होता, त्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता. “इथे काय असतं?”

“व्हतं कायतरी,” अक्का बाही वर करत म्हणाली. “आता नाय. ते पन लिव, नाय म्हनून.”